निरीक्षणगृहातलं मूल आणि शाळेच्या पटावरचं नाव

पंधरा वर्षांच्या मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं, तर त्याच्या शाळेचं काय होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. जामीन कधी होईल, वकील कोण बघायचा, पोराला मारलं तर नाही ना, हे प्रश्न आधी येतात आणि ते साहजिक आहे. शाळेचा विषय निघतो तोवर महिना-दीड महिना उलटलेला असतो. मुलगा घरी आलेला असतो. आई शाळेत जाते आणि तिला सांगितलं जातं, "नाव कमी केलंय त्याचं. दाखला घेऊन जा."

त्या मुलाची शाळा बंद करा, असा आदेश मात्र कुणीच दिलेला नसतो. पोलिसांनी नाही, बाल न्याय मंडळानंही नाही. तसा अधिकार कुणाला नाहीच. उलट 'या मुलाला शाळेत पाठवा' असा आदेश देण्याची सोय कायद्यात आहे. तरी शाळा सुटते, कारण निरीक्षणगृह, म्हणजे लोकांच्या तोंडचं रिमांड होम, येतं महिला व बालविकास विभागाकडे आणि शाळा शिक्षण विभागाकडे. मूल एका खात्याच्या दारातून आत गेलं की दुसऱ्या खात्याच्या हजेरीपटावर ते नुसतं 'गैरहजर' असतं. कुठं गेलं, कधी येणार, याची नोंद करणारा रकाना त्या पटात नाही.

समजा, सोलापुरातल्याच एका पेठेतला मुलगा आहे. नववीत. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. नाव देत नाही. काल्पनिक मुलाचंही नाव न देण्याची सवय असलेली बरी, आणि त्याचं कारण पुढं येईलच. मोटारसायकल चोरीच्या आरोपात त्याला पकडलं. आता पुढं काय?

त्याला लागू होतो तो २०१५ चा बाल न्याय कायदा. १५ जानेवारी २०१६ पासून तो अमलात आहे. अठरा वर्षांखालची व्यक्ती या कायद्यानं बालक. आरोप असलेल्या बालकाला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. 'बालगुन्हेगार' हा शब्द कायद्यात नाही. या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढं उभं करावं लागतं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक महिला. जामीन हा नियम आहे, नाकारणं हा अपवाद. बाहेर सोडलं तर तो सराईतांच्या संगतीत सापडेल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असं मंडळाला वाटलं तरच नकार. नकार मिळाला तर चौकशी संपेपर्यंत मुक्काम निरीक्षणगृहात. महाराष्ट्रातली अशी अनेक गृहं जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना चालवतात. दोष सिद्ध झाला तर मंडळ समज देऊन सोडू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं, आईवडिलांकडून हमी घेऊन परिविक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली, घरी पाठवू शकतं, किंवा विशेष गृहात ठेवू शकतं. तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा, तर वाट वेगळी होऊ शकते. प्राथमिक मूल्यमापनानंतर प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकतं. तिथंही एकवीस वर्षांपर्यंत मुलाला 'सुरक्षित स्थानी'च ठेवायचं असतं, आणि त्या काळात शिक्षण व कौशल्य प्रशिक्षण पुरवणं बंधनकारक असतं.

या सगळ्या टप्प्यांवर शिक्षणाचा हक्क सोबत चालतो. कसा, तर दोन कायद्यांतून. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ५३ स्पष्ट सांगतं की संस्थेत राहणाऱ्या या वयाच्या मुलांनाही तो लागू राहील. मुलगा आत आहे म्हणून मोफत व सक्तीच्या शिक्षणाला सुट्टी नाही. पण निरीक्षणगृहात येणारी बहुतेक मुलं सोळा-सतरा वर्षांची असतात, मग त्यांचं काय? त्यांना शिक्षण हक्क कायदा मिळत नाही, हे खरं. तेच कलम ५३ मात्र वयाची अट न घालता प्रत्येक संस्थेवर योग्य शिक्षण, पूरक शिक्षण, विशेष गरजा असलेल्यांसाठी विशेष शिक्षण आणि कौशल्य विकास यांची जबाबदारी टाकतं. फरक इतकाच की चौदापर्यंत मूल शाळेवर थेट हक्क सांगू शकतं आणि त्यानंतर तो हक्क संस्थेकडून मागायचा असतो. कागदावर फरक बारीक दिसतो. प्रत्यक्षात तो मोठा आहे, कारण संस्थेकडं शिक्षक किती आणि कोणत्या विषयाचे, यावर सगळं अडतं.

आता पटाकडं येऊ, कारण खरी पडझड तिथं होते.

महाराष्ट्रात महिनाभरापेक्षा जास्त काळ सलग गैरहजर राहिलेलं मूल 'शाळाबाह्य' धरलं जातं. हा हिशेब मुलाला शोधून परत आणण्यासाठी आहे, नाव खोडण्यासाठी नाही. काही शाळांत तो नेमका उलटा वापरला जातो. पहिली ते आठवीतल्या मुलाला तर शाळेतून काढताच येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ तसं म्हणतं. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवीत आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली, पण काढून टाकण्याची बंदी तशीच राहिली. म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलाचं नाव 'तो आत आहे' म्हणून कमी करणं हे सरळ सरळ बेकायदा आहे. मुलाला शाळा बदलायची असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा आणि दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. वर्षाच्या मध्यात आला म्हणूनही नाकारायचं नाही. मागं पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचं. हे सगळं कलमांत आहे, आणि बहुतेक मुख्याध्यापकांना ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या निमित्तानं ते तोंडपाठही आहे. दर हंगामाला ही मुलं जातात-येतात, त्यांची नावं पटावर टिकवण्याची धडपड शाळा करतात. तीच बुद्धी निरीक्षणगृहातल्या मुलासाठी वापरायला अडचण कायद्याची नाही. 'असलं पोरगं वर्गात नको' ही आहे. पालकसभेत कुणी तसं बोललं की मुख्याध्यापक गप्प बसतात.

आपला मुलगा नववीत आहे, म्हणून त्याला कलम १६ चं संरक्षण नाही. इथं काम पत्रानं होतं. निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांनी किंवा परिविक्षा अधिकाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना बंद पाकिटात चार ओळी लिहायच्या: मूल आमच्याकडे आहे, नाव पटावर ठेवा, पुस्तकं आणि चालू अभ्यासाची माहिती द्या. आरोप काय, हे लिहायची गरज नाही. असं पत्र आपोआप जात नाही. कुणीतरी मागावं लागतं. मागणारी व्यक्ती बहुतेक वेळा आईच असते, आणि तिला हे माहीत नसतं.

शाळेचा आणखी एक कागद या मुलाच्या आयुष्यात अचानक मोलाचा ठरतो. तो अठराच्या आतला आहे की नाही, हे ठरवताना बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र पाहतात. ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. पूर्वी गुरुजींनी नाव घालताना अंदाजानं १ जून ही जन्मतारीख टाकायची पद्धत होती. आपल्याकडं घरटी एक तरी १ जूनवाला सापडेल आणि आपण त्यावर हसतो. पण त्या जनरल रजिस्टरमधल्या एका आकड्यावर मूल निरीक्षणगृहात जाणार की प्रौढांच्या तुरुंगात, हे ठरू शकतं. जे मूल शाळेत कधी गेलंच नाही, त्याच्या हातात हा पहिला पुरावाच नसतो.

आत गेल्यावर शिकवणं कसं चालतं, किंवा का चालत नाही?

विशेष गृहात मूल वर्ष-दोन वर्षं राहतं, तिथं वर्ग भरवता येतो. निरीक्षणगृहात कुणी आठ दिवस असतं, कुणी चार महिने. चौकशी चार महिन्यांत संपवायची आणि फार तर दोन महिने मुदतवाढ घ्यायची, असा कायदा आहे. पण आपल्याला किती दिवस राहायचंय, हे कुणाही मुलाला सांगता येत नाही. एका खोलीत तिसरीनंतर शाळा सोडलेला सोळा वर्षांचा मुलगा, दहावीची परीक्षा तोंडावर आलेला मुलगा आणि कधीच पाटी न धरलेला मुलगा. त्यात सोलापूर. आपल्याकडं महापालिकेच्याच शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांच्या आहेत. पूर्व भागातला पद्मशाली घरातला मुलगा तेलुगूत शिकलेला असू शकतो, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडचा कन्नडमध्ये. शक्य तिथं मातृभाषेतून शिकवावं, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. एकटा मराठी शिक्षक ही चार माध्यमं कशी सांभाळणार? म्हणून होतं असं की सगळ्यांना मिळून सकाळी प्रार्थना, मग योगासनं, मग चित्रकला. या गोष्टी वाईट नाहीत, पण त्यांना शिक्षण म्हणून रजिस्टरमध्ये टिक करणं मला पटत नाही.

'दहा दिवसांत काय शिकवणार?' हे वाक्य या विषयावर बोलताना हमखास येतं. दहा दिवसांत बीजगणित होणार नाही, मान्य. पण मुलाला त्याच्या भाषेतला एक उतारा वाचायला देऊन त्याची पातळी कळते. शेवटची शाळा कुठली, कुठल्या इयत्तेत सुटली, का सुटली, हे विचारता येतं. दहावीचं वर्ष असेल तर पुस्तकं मागवता येतात. महापालिकेच्या चार माध्यमांच्या शाळांतले शिक्षक आळीपाळीनं आठवड्यातून एकेक तास आले, तर भाषेचा प्रश्न बराच सुटेल, असं मला वाटतं. त्यासाठी नवी इमारत किंवा नवं पद लागत नाही. शिक्षण विभागाची एक ऑर्डर लागते. नियमांनुसार मुलागणिक एक स्वतंत्र आराखडा करायचा असतो आणि त्यात शिक्षण हा एक भाग असतो. तो भाग 'शिक्षणाची आवड निर्माण करणे' असल्या वाक्यानं भरला तर समजावं, कुणी त्याला काही विचारलेलंच नाही.

परीक्षेचं मात्र सोपं आहे, माहीत असेल तर. संस्थेतल्या मुलाला थोड्या दिवसांची रजा देण्याची जी कारणं बाल न्याय नियमांत आहेत, त्यांत परीक्षा नावानिशी आहे. हॉल तिकिटाची प्रत आणि वेळापत्रक जोडून वकिलामार्फत मंडळाकडं अर्ज करायचा. मुलाला नेणारे पोलीस गणवेशात नसावेत, बेड्या तर नसाव्यातच. बोर्डाच्या पुणे विभागीय मंडळाच्या परीक्षेला हजेरीची अट असते. ती भरत नसेल तर कारण सांगून सूट मागायची, पण तो प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. म्हणजे पुन्हा गाडी पटावरच्या नावावर येते. नाव गेलंच असेल तर १७ नंबरचा फॉर्म आहे. पाचवी पास आणि वयाची चौदा वर्षं पूर्ण असलेलं मूल खासगीरीत्या दहावीला बसू शकतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचीही दहावी-बारावी आहे. विषय एकेक करून सोडवता येत असल्यामुळं, ज्याला पुढच्या महिन्यात आपण कुठं असू हे ठाऊक नाही, त्या मुलाला तीच जास्त सोयीची पडते. फॉर्मच्या तारखा वर्षातून ठरावीक वेळीच येतात. त्या चुकल्या की अख्खं वर्ष जातं, आणि सतरा वर्षांच्या पोरासाठी एक वर्ष म्हणजे सहसा शाळेचा कायमचा रामराम.

आणखी एक गोष्ट मंडळापुढंही ऐकू येते, आईबापांच्या तोंडूनसुद्धा: "राहू दे की आत थोडे दिवस. बाहेर नुसता हिंडतोय. तिथं शिकेल तरी." हा युक्तिवाद सोलापूरकरांनी तरी जपून करावा. या शहरात 'सेटलमेंट' नावाची वस्ती आहे, ती काही हौसेनं वसलेली नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यात आला. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड कुटुंबंच्या कुटुंबं कोंडली गेली. त्यांचा गुन्हा एकच, जन्म. त्या कायद्यात मुलांना आईबापांपासून तोडून औद्योगिक किंवा सुधारशाळांत टाकण्याची तरतूद होती. मुलांना 'सुधारायचं' म्हणून शाळा, आणि शाळेसाठी कोंडणं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभरातून गेला. आजच्या कायद्यानं हे उलटं केलं आहे. मुलाला संस्थेत ठेवणं हा अखेरचा उपाय, हे तत्त्व कलम ३ मध्येच घातलं आहे. कोंडलं असेल तर शिकवलंच पाहिजे. पण शिकवायचंय म्हणून कोंडता येत नाही. शाळेत जाण्याची अट घालून मुलाला घरी सोडता येतं, आणि बहुतेक मुलांसाठी तेच योग्य असतं.

ही मुलं बहुधा आधीच शाळेतून गळालेली असतात, हेही इथं सांगायला हवं. विमुक्त जमातींच्या वस्त्यांत, यंत्रमागाच्या गल्ल्यांत, ऊसतोडीच्या टोळ्यांत गळती आधी होते, पोलीस नंतर येतात. निरीक्षणगृहाच्या वर्गात बसलेल्या मुलाला 'परत शाळेत जा' म्हणताना, पहिल्यांदा ती का सुटली होती, हे ऐकून घ्यायला हवं.

आता नावाबद्दल. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार वर्तमानपत्र, वाहिनी किंवा संपर्काच्या कुठल्याही माध्यमातून अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यात 'शाळा' हा शब्द कलमातच आहे, आणि 'कुठलंही माध्यम' म्हटल्यावर पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यातून सुटेल असं कुणी समजू नये. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक', 'शाळा सोडण्याचे कारण' आणि 'शेरा' असे रकाने असतात. तिथं पोलीस, केस, रिमांड यातलं काही लिहायचं नाही. ताब्यातल्या मुलांसाठीचे संयुक्त राष्ट्रांचे १९९० चे नियमही हेच म्हणतात: प्रमाणपत्रावरून मूल कधी संस्थेत होतं, याचा पत्ता लागता कामा नये.

पुढं जाऊन पोलीस भरती किंवा सैन्याचं काय? ग्रामीण सोलापुरात पहाटे रस्त्यानं धावणारी मुलं बघितली की हा प्रश्न किती घरांचा आहे ते कळतं. कलम २४ प्रमाणे, या कायद्याखाली निकाल लागलेल्या मुलावर त्या प्रकरणामुळं कुठलीही अपात्रता येत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद सोळा वर्षांवरच्या ज्या मुलावर बाल न्यायालयात प्रौढासारखा खटला चालून दोष सिद्ध झाला, त्याचा. प्रकरण संपल्यावर चारित्र्य पडताळणीतही पोलिसांनी ती नोंद सांगायची नाही. केंद्रीय सुरक्षा दलातल्या उपनिरीक्षकपदाच्या एका उमेदवाराला अल्पवयातल्या जुन्या प्रकरणावरून अडवलं होतं, तेव्हा २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उमेदवाराची बाजू उचलून धरली.

आईसोबत तुरुंगात राहणारी लहान मुलं हा याला लागून असलेला वेगळा विषय. सहा वर्षांपर्यंतचं मूल कैदी आईजवळ राहू शकतं, आणि त्याच्यासाठी पाळणाघर व बालवाडी असावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सांगितलं आहे. त्यांच्याबद्दल सवडीनं कधीतरी.

ज्या घरावर आज ही वेळ आली आहे, त्यांनी कुठं जावं? पहिलं ठिकाण जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. अल्पवयीन मुलाला उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो. दुसरं, निरीक्षणगृहातले परिविक्षा अधिकारी. मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तेच लिहितात, तेव्हा बोनाफाईड, गुणपत्रकं, शिक्षकांचं चांगलं पत्र असं जे काही असेल ते त्यांच्या हाती द्यावं, कारण मंडळ तो अहवाल वाचून निर्णय घेतं. शाळा ऐकत नसेल तर शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडं आणि गावात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार. तिथंही नाही जमलं तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. अडलेल्या वेळी १०९८ हा मुलांसाठीचा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे. तोंडी विनंती कुणी नोंदवून घेत नाही. साध्या कागदावर, हातानं लिहिलेला असला तरी चालेल, पण अर्ज दोन प्रतींत करावा आणि एका प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती प्रत घरी ठेवावी.